घरचा संगणक आणि अतिदीर्घ रेडिओ-लहरी

उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत बाज टाकून निजण्याची चाल वऱ्हाडांत फार जुनी आहे. अशा वेळीं वर पाहिलें असतां आकाश अगदीं निःशब्द वाटतें. परंतु तें तसें नाहीं. त्याच क्षणीं कित्येक किलोमीटर लांबीच्या विद्युच्चुंबकीय लहरी आपल्या बाजेवरून, घराच्या भिंतींतून व खुद्द आपल्या देहांतूनहि जात असतात. त्यांपैकीं कांहीं मनुष्यानें मुद्दाम पाठविलेल्या असतात, तर कांहीं दूरच्या मेघांतील विजेनें उत्पन्न केलेल्या असतात. या लहरी ग्रहण करण्यास मोठी प्रयोगशाळा लागते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. घरांत पत्रें लिहिण्यास व हिशेब ठेवण्यास वापरला जाणारा साधा संगणक आणि लांकडी चौकटीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एवढ्या सामग्रीवर हें काम होतें. तें कसें होतें, तें करतांना आम्ही कोठें ठेंचाळलों, व त्या ठेंचेपासून काय शिकलों, हें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लहरींचें स्वरूप

रेडिओ-लहरी एका सेकंदांत सुमारें ३,००,००० किलोमीटर जातात. एका सेकंदांत जितकी कंपनें होत असतील, त्या संख्येनें या वेगास भागिलें म्हणजे लहरीची लांबी मिळते. आपल्या परिचयाच्या मध्यम-लहरी केंद्रांची लहर सुमारें १९० ते ५६५ मीटर लांब असते. ज्या लहरींचीं कंपनें सेकंदास ३,००० ते ३०,००० असतात, त्यांची लांबी १०० ते १० किलोमीटर भरते. यांसच अतिदीर्घ लहरी म्हणतात. सेकंदास १८,२०० कंपनें असलेली लहर घेतली, तर तिची लांबी १६,४८० मीटर येते. अमरावतीहून बडनेऱ्यास जाऊन परत यावें, जवळजवळ तेवढी एकच लहर!

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० ते २०,००० कंपनांचा ध्वनि ऐकूं येतो. तेव्हां अतिदीर्घ लहरींचीं कंपनें बहुतांशीं आपल्या श्रवणाच्याच कक्षेंत येतात. मग त्या आपणांस ऐकूं कां येत नाहींत? कारण उघड आहे. ध्वनि हें हवेचें कंपन आहे, आणि या लहरी विद्युत् व चुंबक यांच्या क्षेत्राचें कंपन आहेत. कान हवेचा धक्का जाणतो, चुंबकीय क्षेत्राचा जाणत नाहीं. हें भाषांतराचें काम तारेचें वेटोळें करतें.

छप्पर व जमीन

विजापूरच्या गोल घुमटांत एका कडेस हळूच कुजबुजलें, तरी तें समोरच्या कडेस स्पष्ट ऐकूं येतें. ध्वनि बाहेर न पसरतां घुमटाच्या भिंतीच्या आश्रयानें पुढें जातो. अतिदीर्घ लहरींचें कांहींसें असेंच आहे. त्यांच्या खालीं पृथ्वीचा पृष्ठभाग व वर आयनांबर, अशा दोन भिंतींमधून त्या प्रवास करतात. सूर्याच्या किरणांनीं उंचावरील विरळ हवेंतील कणांपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात व तो थर विजेचा वाहक बनतो. दिवसा हें छप्पर या लहरींसाठीं जमिनीपासून सुमारें ७० किलोमीटर उंच असतें. सूर्यास्तानंतर खालचे इलेक्ट्रॉन नाहींसे होऊं लागतात, आणि छप्पर सुमारें ८५ ते ९० किलोमीटरांपर्यंत वर जातें. म्हणजे रोज सकाळीं हें छप्पर खालीं येतें व रोज सायंकाळीं वर चढतें. आपणांस तें दिसत नाहीं. पण त्याच्याखालून येणाऱ्या लहरीची शक्ति त्याबरोबर बदलते, आणि ती मोजतां येते. आमच्या प्रयोगाचा सर्व पाया हाच आहे.

या लहरींचा दुसरा गुण असा कीं, त्या समुद्राच्या पाण्यांत कांहीं मीटर खोल शिरतात. आंखूड लहरी पाण्याच्या पृष्ठभागाशींच विरून जातात. म्हणून पाण्याखालील पाणबुड्यांस संदेश धाडण्यासाठीं निरनिराळ्या राष्ट्रांचीं नौदलें या लहरींचा उपयोग करतात. आपल्या नौदलाचें असें केंद्र तामिळनाडूंत तिरुनेलवेली जिल्ह्यांत विजयनारायणम् येथें आहे. तें १९९० सालीं सुरू झालें. इंग्रजांनीं १७९९ सालीं ज्यास फांशीं दिलें, त्या वीरपांड्य कट्टबोम्मन याचें नांव त्यास दिलेलें आहे. या केंद्राची लहर सेकंदास १८,२०० कंपनांच्या ठिकाणीं आढळते.

येथें एक शंका विचारली जाते : नौदलाचे संदेश ऐकणें योग्य आहे काय? ते संदेश गुप्त लिपींत असतात. ते आम्हांस वाचतां येत नाहींत, व वाचण्याची इच्छाहि नाहीं. दूरच्या टेकडीवरील दिवा मंद दिसतो कीं तेजस्वी, यावरून मधलें धुकें किती दाट आहे हें ओळखावें, तसें आम्ही केवळ लहरीची शक्ति मोजतों. दिव्याखालीं कोण काय वाचीत बसलें आहे, याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं.

वऱ्हाडचें भाग्य

आतां नकाशा उघडा. अमरावती सुमारें ७७.७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आणि विजयनारायणम् हेंहि जवळजवळ त्याच रेखांशावर आहे! अमरावतीहून थेट दक्षिणेस रेघ ओढली, तर सुमारें १,४०० किलोमीटरांवर ती त्या केंद्रास जाऊन मिळते. अकोला सुमारें पाऊण अंश पश्चिमेस असल्यामुळें तेथून तें केंद्र दक्षिणेपासून तीन-चार अंश पूर्वेकडे पडतें, एवढाच फरक.

या योगायोगाचें फळ मोठें गोड आहे. २१ मार्च व २३ सप्टेंबर या सुमारास दिवस-रात्र समान असतात. त्या वेळीं एका रेखांशावरील सर्व गांवीं सूर्य जवळजवळ एकदम उगवतो. म्हणून त्या दिवसांत लहरीच्या संपूर्ण मार्गावरील छप्पर एकाच वेळीं बदलूं लागतें. जून महिन्याच्या अखेरीस मात्र अमरावतीस सूर्य विजयनारायणम्‌पेक्षां वीस-पंचवीस मिनिटें आधीं उगवतो, व डिसेंबरांत तितकाच उशिरां. त्यामुळें छप्पर एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे क्रमानें खालीं येतें. भूगोलाच्या पुस्तकांत पाठ केलेला ऋतुभेद येथें आलेखाच्या रेघेंत उतरावयास हवा; तो शोधणें हें आमच्या मंडळाचें पुढील काम आहे.

संगणक कसा ऐकतो

संगणकांतील साउंड कार्ड हें गाणें व भाषण यांसाठीं केलेलें असतें. तें येणाऱ्या विद्युत्-दाबाचें माप सेकंदास ४८,००० वेळां घेतें व त्या मापांची यादी संगणकास देतें. नियम असा आहे कीं, सेकंदास जितकीं मापें घ्यावीं, त्याच्या निम्म्यापर्यंतचीं कंपनेंच खरेपणानें ओळखतां येतात. म्हणजे ४८,००० मापांवर २४,००० कंपनांपर्यंत. आमचें १८,२०० चें केंद्र या मर्यादेंत सुखानें बसतें. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोंकावरील नॉर्थ वेस्ट केपचें प्रबळ केंद्र १९,८०० वर आहे. तें येथून सहा हजार किलोमीटरांहून दूर असूनहि याच मर्यादेंत येतें व तुलनेस उपयोगी पडतें. मिळालेल्या यादीचें पृथक्करण करून कोणत्या कंपनसंख्येस किती शक्ति आहे, हें दाखविणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. ‘स्पेक्ट्रम लॅब’ हा त्यांपैकीं एक होय. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुढाकारानें विद्यार्थ्यांसाठीं तयार झालेला ‘सुपरसिड’ हा दुसरा.

चौकट करण्याची रीति

एक मीटर लांबीच्या बाजू असलेली चौरस चौकट सागवानी पट्ट्यांची किंवा बांबूची करावी. ती लोखंडाची करूं नये; कारण धातूची बंद चौकट हेंच एक वेटोळें होऊन लहरीची शक्ति खाऊन टाकतें. शेतांतील पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानांतून २६ नंबरची इनॅमलची तांब्याची तार आणावी. पन्नास फेऱ्यांस २०० मीटर तार लागते व तिचें वजन सुमारें ३०० ग्रॅम भरतें. दोन्हीं टोंकें खरवडून, पिळलेल्या जोडतारेनें साउंड कार्डाच्या मायक्रोफोनच्या तोंडास जोडावीं. मध्यें एक लहानसा कपॅसिटर ठेवावा, म्हणजे तेथील एकदिक् दाब वेटोळ्यांत जात नाहीं. जुळणी अधिक सूक्ष्म करावयाची असेल, तर वेटोळ्याच्या दोन टोंकांमध्यें सुमारें ०.०१ मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर लावावा. नेमकें माप प्रयोगानेंच ठरवावें.

एवढ्या तारेंत किती दाब उत्पन्न होतो, याचें गणित विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. समजा, लहरीचें विद्युत्-क्षेत्र दर मीटरास १ मिलिव्होल्ट आहे. फेरे ५०, क्षेत्रफळ १ चौरस मीटर, लहरीची लांबी १६,४८० मीटर. ५० ला ६.२८ नें गुणून १६,४८० नें भागिलें असतां ०.०१९ येतात, म्हणजे दाब ०.०१९ मिलिव्होल्ट. घड्याळांतील लहानशा सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. त्याच्या सुमारें ऐंशीं हजाराव्या भागाची ही गोष्ट आहे; आणि तरीहि यंत्र ती ओळखतें.

चौकट उभी ठेवून तिची पातळी दक्षिणोत्तर केली म्हणजे दक्षिणेकडील केंद्राची लहर सर्वांत प्रबळ येते. पूर्व-पश्चिम केली म्हणजे ती क्षीण होते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावी. कारण ती विसरल्यामुळेंच आमची फजिती झाली.

आमची चूक

आमच्या विज्ञान-मंडळानें चौकट प्रथम जोडली, त्याच सायंकाळीं संगणकाच्या पडद्यावर १८,२०० च्या जागीं एक ठळक पट्टा उमटला. आमच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. आम्हीं तीन आठवडे त्याची शक्ति टिपून ठेवली, आलेख काढला, आणि ‘कट्टबोम्मन केंद्राची लहर’ असें मोठ्या अक्षरांनीं त्यावर लिहून तो शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत मांडला. पालकांनीं कौतुक केलें. मुलांनीं अभिमानानें माहिती सांगितली.

अकोल्यास राहणारे आमचे एक माजी विद्यार्थी तशीच चौकट करून तेथें निरीक्षण करीत होते. त्यांनीं आपला आलेख धाडला व सोबत लिहिलें, “सर, आमच्या रेघेंत रोज सूर्योदयाच्या सुमारास खळगा पडतो. आपल्या रेघेंत तो एकदांहि दिसत नाहीं. माझें कोठें चुकत असेल, तर कृपा करून सांगावें.” चूक त्यांची नव्हती. अकोला व अमरावती यांत सरळ अंतर अवघें ८० किलोमीटरांच्या आसपास. १,४०० किलोमीटरांवरून येणाऱ्या लहरीनें एका गांवीं सूर्योदय जाणावा व दुसऱ्या गांवीं जाणूं नये, हें शक्य नव्हतें. परंतु त्या वेळीं आम्हांस आपलाच आलेख खरा वाटला, आणि आम्हीं त्यांस त्यांची तार तपासावयास सांगितलें!

पुढें चारच दिवसांनीं दुपारीं वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. पडद्यावरील पट्टा त्याच क्षणीं नाहींसा झाला. तिरुनेलवेलीची लहर अमरावतीच्या विजेबरोबर कशी विझेल? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. वीज आल्यावर एकेक दिवा मालवीत गेलों, तेव्हां शेजारच्या खोलींतील ट्यूबलाइटचा इलेक्ट्रॉनिक चोक हा खरा अपराधी ठरला.

पण तो १८,२०० वरच कसा दिसावा? याचें उत्तर वर सांगितलेल्या नियमांत आहे. त्या चोकचीं कंपनें वास्तविक सेकंदास सुमारें २९,८०० होतीं. ४८,००० मापें घेणाऱ्या यंत्रास २४,००० च्या पलीकडचें कांहीं खरेपणानें ओळखतां येत नाहीं. पलीकडचें जें आंत शिरतें, तें आरशांतल्याप्रमाणें उलटें पडतें. ४८,००० तून २९,८०० वजा करा : १८,२०० उरतात! असें प्रतिबिंब पडूं नये म्हणून साउंड कार्डांत गाळणी असते. परंतु कांहीं स्वस्त कार्डांत ती अपुरी पडते. सेकंदास ९६,००० मापें घेणारें दुसरें कार्ड लावतांच तो पट्टा आपल्या खऱ्या जागीं, २९,८०० वर, जाऊन उभा राहिला. चोक बंद करून चौकट दक्षिणोत्तर केली, तेव्हां १८,२०० वर एक फिकट पट्टा दिसला. तो दुसऱ्या दिवशीं सूर्योदयास खालीं गेला व पुनः वर आला. तीच आमची खरी लहर होती.

पुढील सोमवारीं, ज्या मुलांनीं प्रदर्शनांत माहिती सांगितली होती, त्यांनींच प्रार्थनेनंतर सर्व शाळेपुढें उभें राहून चूक कबूल केली. अकोल्यास क्षमेचें पत्र आम्हीं स्वतः लिहिलें. खरें सांगावयाचें तर, बक्षिसापेक्षां त्या दिवसाचें आम्हांस अधिक समाधान वाटतें.

चार कसोट्या

तेव्हांपासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिलेले आहेत. पहिला, घरांतील सर्व वीज बंद करून संगणक बॅटरीवर चालविला, तरी लहर टिकते काय? दुसरा, चौकट फिरविल्यावर ती अपेक्षित दिशेसच क्षीण होते काय? तिसरा, मापांची संख्या बदलली तरी ती त्याच जागीं राहते काय? चौथा, सूर्योदय व सूर्यास्त तिला जाणवतात काय? आणि या सर्वांवर एक कसोटी अशी कीं, दुसऱ्या गांवच्या निरीक्षकास तेंच दिसतें काय? जें केवळ एका ठिकाणीं दिसतें, तें बहुधा शेजारच्या दिव्याचें असतें. जें अमरावती व अकोला दोहोंकडे एकदम दिसतें, तें आकाशाचें असण्याचा संभव अधिक. मात्र केंद्रच कांहीं काळ बंद असूं शकतें. तेव्हां रेघ एकाएकीं तळाशीं गेली, तर घाईनें मोठा शोध लागला असें समजूं नये.

सूर्याचे अकस्मात् उद्रेक

सूर्यावर कधीं कधीं प्रचंड उद्रेक होतात. त्यांतील क्ष-किरण सुमारें ८ मिनिटांत पृथ्वीपर्यंत पोंचून दिवसाच्या छपरास आणखी खालीं ओढतात. तेव्हां लहरीची शक्ति कांहीं मिनिटांत एकदम बदलते, बहुधा वाढते, व नंतर हळूहळू पूर्ववत् होते. असा एक मोठा उद्रेक ११ मे २०२४ रोजीं सकाळीं, आपल्या वेळेप्रमाणें ६ वाजून ५३ मिनिटांनीं, शिखरास पोंचला. त्या वेळीं वऱ्हाडांत सूर्य उगवून तास उलटला होता. परंतु शाळेस उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि ज्या खोलींत पुढें आमची चौकट उभी राहिली, ती कुलुपांत होती. गेलेला क्षण पुनः मिळत नाहीं.

या बाबतींत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचें उदाहरण आम्ही मुलांस नेहमीं सांगतों. तेथील निरीक्षक एकोणिसाव्या शतकांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें डोळ्यांनीं वाचून वहींत टिपीत असत. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौर वादळांत कुलाब्याच्या चुंबकत्वांत सुमारें १,६०० नॅनोटेस्लांची घट त्यांनीं नोंदविली. सुमारें दीडशें वर्षांनीं शास्त्रज्ञांनीं त्या वादळाचा अभ्यास केला, तेव्हां त्या जुन्या वह्यांचें मोल जगास कळलें. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर, त्यांच्या विजेनें मापें बिघडूं नयेत म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत चुंबकीय निरीक्षणें १९०४ सालीं अलिबागेस नेण्यांत आलीं. आमच्या ट्यूबलाइटचा धडा त्यांस एक शतकाहून अधिक आधींच ठाऊक होता!

विजेचा आवाज व एक सूचना

ही तार सभोंवतालच्या विजाहि ऐकते. पडद्याऐवजीं ध्वनिक्षेपक जोडला, तर तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसा तडतडाट ऐकूं येतो. प्रत्येक तडतड म्हणजे कोठें तरी, कदाचित् शेंकडों किलोमीटरांवर, चमकलेली वीज होय. रात्रीं त्यांतील कांहीं आवाज तार छेडल्यासारखे किंचित् लांबतात. जमीन व छप्पर यांमध्यें आपटत येतांना लहरीचीं खालचीं कंपनें मागें पडतात, हें त्याचें कारण.

हा नुसता मौजेचा विषय नाहीं. मृगाच्या सुमारास पेरणी चालू असतांना शेतांत वीज पडून माणसें व बैल दगावल्याच्या वार्ता आपण दरवर्षीं वाचतों. त्यांत बहुधा मजूर असतात, आणि पुष्कळ वेळां ते पावसापासून आडोसा म्हणून झाडाखालीं उभे राहिलेले असतात. विजेच्या रेडिओ-लहरी अनेक ठिकाणीं ग्रहण करून, त्या कोठें उत्पन्न झाल्या हें ठरविण्याचें शास्त्र आतां पुढें गेलें आहे. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें त्याच आधारावर ‘दामिनी’ नांवाचें मोबाइल अॅप केलें आहे. तें जवळपासच्या विजेची पूर्वसूचना देतें. ज्यांच्या घरीं शेती आहे, त्या प्रत्येक विद्यार्थ्यानें तें वडिलांच्या मोबाइलमध्यें घालून द्यावें, व झाडाखालीं उभें राहूं नये हें गड्यामाणसांस समजावून सांगावें. आमचीहि सक्त सूचना अशी कीं, चौकट नेहमीं घराच्या आंत ठेवावी, गच्चीवर तार ताणूं नये. आणि तडतडाट दाट होऊं लागतांच जोडतार काढून यंत्र बंद करावें. आलेख पुनः काढतां येतो, प्राण पुनः आणतां येत नाहीं.

उपसंहार

स्वीडनमधील ग्रिमेटोन येथें १९२४ सालीं सुरू झालेलें अतिदीर्घ लहरींचें एक केंद्र अद्याप जपून ठेवलेलें आहे. त्यांत फिरत्या यंत्रानें लहर उत्पन्न होते, आणि बहुधा दरवर्षीं नाताळच्या आदल्या दिवशीं, २४ डिसेंबर रोजीं, सेकंदास १७,२०० कंपनांवर तें जगास मोर्स लिपींत संदेश पाठवितें. अमरावतीपासून तें सुमारें ६,६०० किलोमीटर दूर आहे. गेल्या नाताळांत आम्ही सर्व दिवे मालवून, चौकट वायव्येकडे वळवून बसलों होतों. आम्हांस कांहींहि ऐकूं आलें नाहीं. वहींत त्या दिवसापुढें आम्हीं ‘नाहीं’ असेंच लिहिलें आहे. पुढील वर्षीं फेरे वाढवून पुनः बसूं. सृष्टि आपलें गुज घाई करणाऱ्यास सांगत नाहीं; परंतु जो शांत बसतो, सतत टिपतो व चुकलेलें चुकलें म्हणतो, त्यास ती कांहीं तरी दिल्यावांचून राहत नाहीं, असा आमचा लहानसा अनुभव आहे. ज्या विद्यार्थ्यांस या कामांत भाग घ्यावयाचा असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर एक कोरी वही घेऊन यावें. तार आम्ही देऊं.